फाल्गुनात कात्री, आषाढात कुंडी: बोन्सायचा आपल्याकडचा वसंत

बोन्सायवरची बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ एकच सल्ला देतात. वसंत सुरू होताना फांद्यांवरचे डोळे, म्हणजे न उघडलेले कोंब, फुगायला लागले की छाटणी करा, झाड कुंडीतून काढा, मुळं कापा, नवी माती भरा. सल्ला चुकीचा नाही. पण तो देणारा माणूस जपानात, इंग्लंडात किंवा अमेरिकेच्या थंड भागात राहतो. टोकियोत मार्चचं सरासरी तापमान १० अंशांच्या आसपास असतं. तिथे मार्चमध्ये मुळं कापलेल्या झाडापुढे सौम्य उन्हाचे दोन-अडीच महिने असतात, तेवढ्यात ते सावरतं. पुण्यात मार्चमध्येच दुपारचा पारा ३५ अंशांच्या वर जातो आणि खरा उन्हाळा त्यानंतर सुरू होतो. नागपूर-चंद्रपूरकडची गोष्ट तर विचारायलाच नको.

म्हणून माझं मत असं, की आपल्याकडे वसंतातलं काम एकदम उरकू नये, दोन भागांत करावं. फांद्यांची छाटणी फाल्गुनात, मुळांचं आणि कुंडीचं काम पहिला पाऊस स्थिरावल्यावर. याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच. पण तारखा पाठ करण्याआधी हे असं का, ते पाहू. कारण कळलं की तुमच्या गच्चीवरच्या झाडाची तारीख तुम्हालाच ठरवता येते.

झाडात काय चाललेलं असतं

पानं उन्हात साखर तयार करतात. त्यातली काही लगेच खर्च होते, उरलेली पिष्ट म्हणून खोडात, फांद्यांत आणि मुळांत साठते. पिंपळ, उंबर यांसारखी झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतात तेव्हा उघडी-बोडकी दिसतात, पण आतला साठा शाबूत असतो. पालवी फुटताना झाड याच साठ्यावर जगतं. कोवळं तांबूस पान दिसायला सुंदर असतं, पण पहिले काही दिवस ते कमवत नाही, फक्त खातं. ते पूर्ण उलगडून गर्द हिरवं झालं, बोटाला जाडसर आणि चिवट लागायला लागलं, की मगच झाडाला साखर पुरवू लागतं.

छाटणीच्या वेळेचं सगळं गणित यातून निघतं. डोळा फुगलाय पण उघडलेला नाही, तेव्हा साठा भरलेला असतो. या वेळी फांदी कापली तर तो साठा उरलेल्या डोळ्यांच्या वाट्याला येतो आणि फूट जोरदार होते. पानं पक्की झाल्यावर कापलं तरी चालतं, कारण तोवर साठा पुन्हा भरायला लागलेला असतो. सर्वांत वाईट वेळ या दोन्हींच्या मधली. झाडाने साठा खर्चून पालवी काढली, पालवीने अजून काही परत दिलेलं नाही, आणि नेमकी तेव्हाच आपण कात्री घेतो. चैत्रात गच्चीवर पालवी लुसलुशीत दिसते आणि हात शिवशिवतात, म्हणून या चुकीची पाळी सगळ्यांवर येते. सुदृढ झाड त्यातून वाचतं, पण वर्षभर मलूल राहतं. अशक्त झाड एखादी फांदी सोडून देतं, कधी पूर्णच जातं.

तेव्हा पंचांगापेक्षा डोळ्यांकडे बघायचं. वड-पिंपळाच्या कुळातल्या झाडांत हे सोपं आहे. फांदीच्या टोकाला एक टोकदार गुंडाळी असते आणि तिच्यावर पातळ आवरण असतं. ही गुंडाळी लांबायला आणि फुगायला लागली की छाटणीचे दिवस आले असं समजा. पुण्या-साताऱ्याकडे ते साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत येतात. विदर्भात त्याआधी, कारण तिथे ऊन लवकर तापतं. कोकणात आणि गोव्यात हवेत दमटपणा असल्याने थोडं पुढे-मागे झालं तरी बिघडत नाही.

शेंड्याची हुकमत

शेंडा कापला की खालचे डोळे फुटतात, हे बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. असं का होतं, हे कळायला बराच काळ गेला. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसलं, की गवताच्या कोवळ्या कोंबाच्या टोकाकडून खाली काहीतरी निरोप जातो. तो निरोप म्हणजे एक रसायन आहे, हे १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात हॉलंडमध्ये फ्रिट्स वेंट यांनी दाखवलं. आज आपण त्याला ऑक्सिन म्हणतो. पुढे १९३० च्या दशकात केनेथ थिमन आणि फोक स्कूग यांनी बाकल्याच्या रोपाचा शेंडा कापला आणि कापलेल्या जागी ऑक्सिन लावलं. खालचे डोळे झोपलेलेच राहिले, जणू शेंडा अजून जागेवर आहे.

ऑक्सिन शेंड्यात तयार होतं, खाली वाहत येतं आणि बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं, ही झाली पाठ्यपुस्तकातली गोष्ट. त्यात आणखी एक धागा आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये वाटाण्याच्या रोपांवर दाखवलं, की शेंडा छाटल्यावर खालचे डोळे हलायला लागतात ते ऑक्सिन घटण्याच्याही आधी. शेंडा साखर ओढून घेत होता. तो गेल्यावर साखर डोळ्यांकडे वळते आणि डोळे जागे होतात. बोन्साय करणाऱ्याच्या कामाचं आहे ते हेच: शेंडा साखर ओढतो, म्हणून तो कापला की साखरेची वाट बदलते.

यातून एक नियम निघतो. नवखे लोक बहुतेक वेळा त्याच्या नेमकं उलट वागतात. झाडाचा जोर नेहमी वर आणि बाहेरच्या टोकांकडे असतो. म्हणून वरचा भाग कडक छाटायचा आणि खालच्या फांद्यांना मोकळं सोडायचं. आपण मात्र झाड गोल, नीटनेटकं दिसावं म्हणून वरपासून खालपर्यंत सारखी कात्री फिरवतो. अशाने वरचं पुन्हा झपाट्याने भरतं, खालच्या फांद्या बारीक होत जातात, आणि तीन-चार वर्षांत झाडाची सर्वांत देखणी, सर्वांत खालची फांदी वाळते. खालची फांदी एकदा गेली की त्या जागी पुन्हा मिळवणं फार कठीण. त्या फांदीचं टोक फाल्गुनात कापूच नका. ती हातभर लांब होऊ द्या, वेडीवाकडी दिसली तरी चालेल. जाड झाली की मग आखूड करता येते.

द्राक्ष बागायतदाराला यातलं काही नव्याने सांगायची गरज नाही. नाशिक-सांगलीकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि काडीवर किती डोळे राखायचे, शेंडा कधी खुडायचा यावर बागेचं वर्ष ठरतं. आपण तेच करतो. फरक इतकाच की त्यांना घड हवा असतो आणि आपल्याला आकार.

कुठे कापायचं

समजा तुमच्याकडे वडाच्या कुळातलं नांद्रुक आहे. बोन्सायसाठी या झाडाची मी नेहमी शिफारस करतो, कारण पान मुळातच लहान, साल गुळगुळीत राखी, आणि कितीही छाटलं तरी फुटायला तयार. वडाचं आणि पिंपळाचं पान मोठं असतं. लहान कुंडीत ते शोभायला बरीच वर्षं जातात.

नांद्रुकाच्या फांदीवर पानं आळीपाळीने येतात, एक डावीकडे, पुढचं उजवीकडे. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. ज्या पानाच्या वर कापाल, त्या पानाच्या दिशेने नवी फांदी जाणार. म्हणजे कापण्याआधी फांदीला कुठे वळवायचंय हे ठरवायचं आणि त्या दिशेचं पान शोधायचं. फांदी बाहेर, आडवी जायला हवी असेल तर बाहेरच्या किंवा बाजूच्या पानावर कापा. वर तोंड केलेल्या पानावर कापलंत तर फांदी सरळ आकाशाकडे निघेल आणि पुढच्या वर्षी तीच कापावी लागेल. पान गळालेलं असेल तर फांदीवरची बारीक गोल वलयं बघा. शेंड्याचं आवरण गळून पडतं तिथे असं वलय राहतं, आणि झोपलेला डोळा त्याच्याच लगत असतो.

डोळ्याला अगदी खेटून कापू नका. या कुळातल्या झाडांची कापलेली काटकी थोडी मागे वाळत येते. अर्धा सेंटिमीटर खुंट ठेवा, तो वाळला की नंतर साफ करा. कापल्याबरोबर पांढरा चीक वाहतो. घाबरण्यासारखं काही नाही, ओल्या फडक्याने टिपला किंवा पाण्याचा फवारा मारला की थांबतो. तो कातडीवर आणि डोळ्यांत जाऊ देऊ नका, काहींना त्याने खाज सुटते. कपड्यावर पडला तर डाग जात नाही, हे सांगायला नकोच.

काय काढायचं हे झाडासमोर बसून ठरवावं. आधी वाळलेलं आणि कीड लागलेलं. मग एकाच जागेतून निघालेल्या तीन-चार फांद्या. त्यांतल्या दोन ठेवून बाकीच्या काढा, नाहीतर त्या जागी गाठीसारखा फुगवटा येतो आणि तो कायमचा राहतो. नंतर आतल्या बाजूला जाणाऱ्या, एकमेकींना कापणाऱ्या आणि फांदीच्या पोटातून सरळ खाली लोंबणाऱ्या. एवढं झालं की थांबा, चहा घ्या, झाड फिरवून पुन्हा बघा. बऱ्याचदा पुढचं कापायची गरज उरत नाही. सदाहरित झाडाचा एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त हिरवा भाग काढू नये. नांद्रुक याहून जास्त सोसतं, पण सोसतं म्हणून कापायलाच हवं असं नाही.

एक गैरसमज

“सारखं छाटत राहिलं की बुंधा जाड होतो” हे मी अनेकांकडून ऐकलंय. खरं नेमकं उलट आहे. खोड जाड होतं ते वरच्या पानांमुळे. पानांना पाणी पुरवायला खोडात नव्या नळ्या लागतात आणि पानांनी केलेली साखर खाली येताना त्या नळ्या तयार करते. १९६४ मध्ये जपानी संशोधकांनी मांडलेलं एक प्रारूप हेच सांगतं, की एखाद्या जागेवरच्या पानांचा एकूण भार आणि त्या जागेच्या खोडाची जाडी यांचं प्रमाण बऱ्यापैकी ठरलेलं असतं. पानं कमी केली तर जाडी वाढायची थांबते.

तुमचं झाड अजून पेन्सिलीएवढं असेल तर या वसंतात त्याला कात्री लावू नका. मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत लावून मनासारखं वाढू द्या. बुंध्याजवळून एक फांदी मुद्दाम मोकाट सोडतात, तिचा बोन्सायच्या अंतिम आकाराशी काही संबंध नसतो. बुंधा हवा तेवढा जाड झाला की ती समूळ काढून टाकतात. उथळ ट्रेमध्ये बसवलेलं रोप वर्षानुवर्षं तेवढंच राहतं. नर्सरीतून छोट्या ट्रेमधलं रोप आणून “दहा वर्षं झाली, जाड का होत नाही” असं विचारणाऱ्यांना याचं उत्तर आवडत नाही.

जखमा

जाड फांदी काढली की खोडावर जखम राहते. आपली त्वचा नवी होते तशी झाडाची होत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले अलेक्स शिगो यांनी हजारो झाडं चिरून आत काय होतं ते पाहिलं आणि १९७० च्या दशकात ते मांडलं. झाड जखमेभोवती रासायनिक भिंती उभारून सडण्याला कोंडून ठेवतं आणि वरून नवीन लाकडाची कड गुंडाळत आणतं. आतला जखमी भाग तसाच राहतो.

ही कड वाढायला साखर लागते, आणि ती जखमेच्या वरच्या पानांकडून येते. त्यामुळे मोठी फांदी काढायची असेल तर जखमेच्या वरच्या बाजूला भरपूर हिरवी पानं असतील अशी वेळ निवडा. त्याच दिवशी वरचं सगळं बोडकं करून ठेवू नका. कापताना कॉनकेव्ह कटरने, म्हणजे आत वळलेल्या पात्यांच्या कात्रीने, थोडा खोलगट काप घ्यावा म्हणजे कड चढल्यावर उंचवटा दिसत नाही. कटर नसेल तर बारीक करवतीने कापून कडा धारदार चाकूने गुळगुळीत करा, कारण पिंजलेल्या कडेवरून नवी साल नीट चढत नाही. बोटाएवढ्या जखमेला कटपेस्ट, म्हणजे जखम झाकायचा लेप, लावलेली बरी, ओलावा टिकतो. बारीक काटक्यांना काही लावायची गरज नाही. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना मात्र कात्री स्पिरिटने पुसाच.

मुळं आणि कुंडी

मुळं का कापायची? पाणी आणि क्षार शोषतात ती मुळांची कोवळी टोकं. जुनी जाड मुळं आधार देतात आणि वाहतूक करतात, त्यापलीकडे फारसं नाही. उथळ कुंडीत दोन-तीन वर्षांत जाड मुळं गोल गोल फिरून सगळी जागा व्यापतात, मातीतली हवा जाते, पाणी वरच्या वर वाहून जातं. जाड मुळं कापली की कापाच्या जागी बारीक मुळांचे झुपके फुटतात आणि झाड पुन्हा टवटवीत होतं.

पण कापल्या दिवशी झाडाची पाणी ओढायची ताकद एकदम घटते आणि पानांतून बाष्प जात राहतंच. कोरड्या, तापलेल्या मार्च-एप्रिलमध्ये देशावर हे अंगाशी येतं. आणखी एक पेच आहे. नवी मुळं फुटायला शेंड्याकडून येणारं ऑक्सिन मदत करतं, आणि नवे डोळे फुटायला मुळांच्या टोकांत तयार होणारं दुसरं रसायन, सायटोकायनिन. एकाच दिवशी शेंडे आणि मुळं दोन्ही जोरात कापली तर दोघांनाही एकमेकांची मदत मिळत नाही. आतला साठा भरलेला असेल तर झाड यातून निघतं, नाहीतर खुंटतं.

म्हणून पानझडी झाडांना, म्हणजे पिंपळ-उंबरांना, डोळे फुगलेत पण पान नाही अशा आठ-दहा दिवसांत कुंडी बदलता येते. पानच नसल्याने बाष्प जात नाही. आधी म्हटलेला अपवाद तो हाच. नांद्रुक आणि इतर सदाहरित झाडांची मुळं मी देशावर जूनअखेरीस किंवा जुलैमध्येच कापतो. हवेत ओल असते, ऊन मवाळ असतं, आणि महिन्याभरात नवी मुळं कुंडीच्या कडेला दिसतात. मुंबई-रत्नागिरीकडे दमट हवेमुळे मार्चमध्येही चालून जातं. तरुण सुदृढ झाडाची एक तृतीयांश मुळं काढा, म्हाताऱ्या झाडाची त्याहून कमी आणि तीही चार-पाच वर्षांतून एकदा.

आता मातीचा मुद्दा. इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण पाणी घालायचं राहून गेल्याने जेवढी बोन्साय मरतात, तेवढीच तळाशी पाणी साचूनही मरतात. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात भिजवा आणि आडवा, सपाट धरा. गळायचं थांबेपर्यंत थांबा. आता तो उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागतं. पाणी तेवढंच, स्पंज तोच, फक्त उंची वाढली. कुंडीतही नेमकं हेच घडतं. निचरा संपल्यावर तळाशी पाण्याने भरलेला एक थर अडकून राहतो. त्याची जाडी मातीचे कण किती बारीक आहेत यावर ठरते, कुंडी किती खोल यावर नाही. बारीक मातीत हा थर तीन-चार सेंटिमीटर असेल, तर फूटभर खोल कुंडीत त्याचं काही वाटत नाही. पाच सेंटिमीटर खोल बोन्साय ट्रेमध्ये मात्र जवळपास सगळी मुळं त्यात बुडालेली असतात.

म्हणून बोन्सायची माती भरड हवी. विटांचे बारीक खडे दोन भाग, भरड वाळू एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग, हे माझं नेहमीचं मिश्रण. सगळं चाळून दोन ते पाच मिलिमीटरचे कण घ्यायचे आणि खालची पूड टाकून द्यायची. ही पूड टाकायला जीव होत नाही, पण तीच निचरा बुजवते. आपली काळी माती शेतासाठी उत्तम, पण ट्रेमध्ये वापरू नका. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि भेगांसोबत बारीक मुळं तुटतात. तळाला खड्यांचा वेगळा थर द्यायची पद्धत आहे, तिचाही उपयोग नाही. अडकलेला पाण्याचा थर त्यामुळे फक्त वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. भोकांवर जाळीचा तुकडा पुरे.

झाड बसवताना भोकांतून तार ओवून मुळांचा गड्डा घट्ट बांधा. वाऱ्याने झाड हललं तर नवी फुटलेली केसासारखी मुळं तुटतात. माती भरल्यावर बारीक काडीने टोचत टोचत पोकळ्या भरा, मग तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत झारीने पाणी द्या. पुढचे तीन आठवडे सावलीत. खत महिनाभर नको.

चैत्र-वैशाखात

छाटणीनंतर आलेली पालवी पक्की होईपर्यंत मोठं काही करायचं नाही. फक्त नवा शेंडा सहा-सात पानांवर गेला की दोन-तीन पानांवर खुडायचा, तोही वरच्या भागातला. खालच्यांना हात लावू नका, कारण वर सांगितलंच आहे.

पानं लहान करण्यासाठी सगळी पानं देठ ठेवून कापून टाकायची एक पद्धत आहे. पुन्हा फुटणारी पानं लहान येतात आणि काटक्या दाट होतात. सुदृढ नांद्रुकावर ती चालते, पण त्याच वर्षी मुळं कापणार असाल तर करू नका. पहिल्या दोन-तीन वर्षांत तर अजिबातच नको. झाडाकडून नवीन पानांचा सगळा खर्च आपण दुसऱ्यांदा करून घेतो, हे लक्षात असू द्या.

फांद्यांना वळण द्यायला तार बांधलेली असेल तर ती या दिवसांत दर आठवड्याला बघा. वसंतात फांद्या वेगाने फुगतात आणि नांद्रुकासारख्या झाडात दीड-दोन महिन्यांत तार सालीत रुतते. रुतलेली तार उलगडत बसू नका, तुकडे करून काढा.

कोवळ्या पालवीवर मावा आणि पिठ्या ढेकूण येतातच. नांद्रुकाची पानं मधोमध दुमडलेली आणि त्यांवर जांभळट ठिपके दिसले तर आत फुलकिडे आहेत. फवारा दुमडलेल्या पानाच्या आत पोचत नाही, तेव्हा ती पानं तोडून पिशवीत बांधून टाका, मग उरलेल्या झाडावर संध्याकाळी निंबोळी तेल मारा. दुपारच्या उन्हात तेल मारलं तर पानं भाजतात.

एप्रिलपासून प्रश्न पाण्याचा. उथळ ट्रे सकाळी भरली तरी दुपारपर्यंत कोरडी पडू शकते. मातीत बोट घालून बघा, वरचा सेंटिमीटरभर कोरडा लागला की द्या, मग दिवसातून एकदा लागो वा दोनदा. गच्चीच्या फरशीवर थेट ठेवलेल्या काळ्या कुंडीत दुपारी माती ४० अंशांच्या वर तापते आणि मुळांचं काम थंडावतं. कुंड्या लाकडी फळीवर किंवा लोखंडी स्टँडवर उचलून ठेवा, वर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी लावा आणि पश्चिमेचं ऊन अडवा. एवढ्याने बरंच भागतं.

बाकीची मंडळी

जेडचं गणित वेगळं आहे. पानात आणि खोडात पाणी साठवणारं झाड, त्यामुळे छाटल्यावर काप वाळेपर्यंत चार-पाच दिवस पाणी द्यायचं नाही. त्याची पानं समोरासमोर जोडीने येतात, जोडीवर कापलं की दोन फांद्या मिळतात. छाटलेल्या काटक्या सावलीत वाळवून लावल्या की त्यांची झाडं होतात. बोगनवेल फाल्गुन-चैत्रात फुलांनी भरलेली असते. तिला तेव्हा हात लावू नये, बहर ओसरला की छाटावी. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटायला घाबरायचं कारण नाही. तिची मुळं मात्र ठिसूळ, कुंडी बदलताना गड्डा फोडू नका. चिंच मार्च-एप्रिलमध्ये नवं पान धरते, तिला पिंपळाचाच नियम लावा.

शेवटी एका झाडाबद्दल सांगायला हवं, कारण वाढदिवसाला हल्ली बोन्साय म्हणून तेच भेट येतं. फुगलेल्या मुळांवर छोटासा हिरवा झुपका असलेलं, दुकानात फायकस जिनसेंग म्हणून विकतात ते. हे नांद्रुकाचंच भावंड, पण मुळं एका रोपाची आणि वरचा झुपका बहुतेक वेळा लहान पानांच्या दुसऱ्या वाणाचा, कलम करून बसवलेला. वसंतात कलमाच्या खालून, थेट जाड मुळांतून मोठ्या पानांच्या फुटी निघतात. त्या जोमदार दिसतात म्हणून ठेवाल तर वरचं कलम उपाशी पडून वाळेल, तेव्हा दिसताक्षणी खुडा. घरात टीव्हीशेजारी ठेवलं असेल तर आधी आठ-दहा दिवस खिडकीत, मग गॅलरीत असं हळूहळू उजेडाला सरावू द्या. तिथे नवं पान पक्कं झालं की वर सांगितल्याप्रमाणे दोन-तीन पानांवर खुडायला सुरुवात करा. मूळची माती बहुतेक वेळा नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असते. ते वरून कोरडं दिसतं आणि आत ओलं राहतं. जुलैत ते धुऊन काढून भरड मातीत लावा.